नव्या सभासदाची घडण : फर्ग्युसनच्या टेकडीपासून बसवनगुडीपर्यंत

बसवनगुडीतील नंदीच्या देवळाजवळून बुल टेम्पल रस्त्याने नरसिंहराज कॉलनीकडे निघाले म्हणजे वाटेत 'गोखले सार्वजनिक विचार संस्था' लागते. आपल्यापैकी अनेकजण त्या वाटेने वर्षानुवर्षे ये-जा करीत असतील. पाटी कन्नड, आतला व्यवहार कन्नड आणि इंग्रजी, संस्थापक कन्नड भाषेचे थोर पंडित डी. व्ही. गुंडप्पा, आणि नाव मात्र रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या खेड्यात जन्मलेल्या एका मराठी माणसाचे! परमुलखात आपले आडनाव पाटीवर दिसले की मराठी माणसाला सहज आनंद होतो. पण तेवढ्यावर थांबू नये. १९४५ मध्ये, म्हणजे गोखल्यांना जाऊन तीस वर्षे लोटल्यावर, बंगळूरच्या एका विद्वानाला आपल्या संस्थेस त्यांचे नाव द्यावेसे का वाटले, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

त्याचे उत्तर शोधताना मला एक जुनी आणि काहीशी दुर्लक्षित हकीकत सापडली. गोखल्यांची अंदाजपत्रकावरील भाषणे सर्वांस ठाऊक असतात, टिळकांशी झालेला त्यांचा वादही ठाऊक असतो. परंतु संस्थेत नव्याने येणाऱ्या माणसाला कसे घडवावे, या एका प्रश्नावर या गृहस्थाने उभ्या आयुष्याचा अनुभव पणाला लावून एक रीतसर योजना आखली होती, तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत ही हकीकत सांगण्याचे कारण उघड आहे. पन्नास वर्षे पुरी करणाऱ्या कोणत्याही मंडळात संस्थापकांची पिढी हळूहळू खुर्च्या रिकाम्या करीत असते, आणि दारात नवे लोक उभे असतात. त्यांना आपण वर्गणीची पावती देतो, गणेशोत्सवात एखादे काम देतो, कोजागिरीला दूध देतो. त्यापलीकडे त्यांचे काय करावयाचे, हे बहुधा कोणी ठरविलेले नसते.

पुण्यात १८८० च्या जानेवारीत विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले, तेव्हाही ते कोणी ठरविलेले नव्हते. टिळक, नामजोशी, पाठोपाठ आगरकर आणि वामन शिवराम आपटे अशी माणसे एकत्र आली. विष्णुशास्त्री १८८२ मध्येच गेले. त्याच वर्षी कोल्हापूर प्रकरणात टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात जाऊन आले. २४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटीची रीतसर स्थापना झाली आणि १८८५ च्या आरंभी फर्ग्युसन कॉलेज उघडले. या मंडळींनी 'आजीव सदस्य' ही एक नवी जात निर्माण केली. आजीव सदस्याने वीस वर्षे संस्थेची सेवा करावयाची आणि जेमतेम निर्वाहापुरता पगार घ्यावयाचा. पुढे तो महिना ७५ रुपयांच्या घरात स्थिरावला. सरकारी नोकरीत किंवा वकिलीत याच्या कितीतरी पट मिळविण्याची पात्रता असलेले हे पदवीधर होते. आपल्या मुलाने मोठ्या पगाराच्या आशा सोडल्या आहेत, हे आगरकरांनी आईला पत्राने कळविल्याची गोष्ट मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आहे. डोळ्यांपुढे आदर्श होता तो ख्रिस्ती जेसुइट पंथाच्या गुरुबंधूंचा, आणि टिळकांनी तर तसे स्पष्ट शब्दांत लिहूनच ठेवले आहे.

शपथ झाली, पण तिचा अर्थ काय, हे कोणी कोणाला शिकविले नाही. पहिल्या चार-पाच जणांस त्याची गरजही वाटली नसावी. कॉलेजच्या दिवसांत टेकड्यांवर फिरताना त्यांनी तासन्‌तास वाद घातले होते, एकमेकांचे गुणदोष त्यांना पाठ होते. परंतु नंतर येणाऱ्याला ते फिरणे लाभलेले नसते.

असा नंतर आलेला पहिला महत्त्वाचा माणूस म्हणजे गोपाळ कृष्ण गोखले. १८८४ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवीधर झालेला हा तरुण १८८५ मध्ये न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक म्हणून लागला आणि पुढल्याच वर्षी, वयाच्या विसाव्या वर्षी, आजीव सदस्य झाला. संस्थेने त्याचे स्वागत कसे केले? त्याच्या अंगावर काम टाकून! गणित शिकवायला माणूस नाही, गोखले गणित शिकवितील. इंग्रजीला नाही, गोखले इंग्रजी शिकवितील. इतिहास, अर्थशास्त्र, सर्व काही. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक पुढे अनेक वर्षे शाळांतून चालले. मागाल तो विषय पुरविणारा प्राध्यापक, असे त्यांचे थट्टेचे नाव पडले होते. नवा माणूस उत्साही असला की जुन्यांना हायसे वाटते आणि सारे ओझे त्याच्या पाठीवर जाते. ही रीत फर्ग्युसनपुरती मर्यादित आहे, असे मंडळांच्या कारभारात वावरलेला कोणी म्हणणार नाही.

मग भांडण झाले. त्याच्या तपशिलात येथे शिरत नाही. त्यावर ग्रंथ लिहिले गेले आहेत आणि दोन्ही बाजूंच्या अनुयायांनी शाईचे पाट वाहविले आहेत. मूळ मुद्दा मात्र शपथेच्या अर्थाचा होता. टिळकांचे म्हणणे, सर्वांना सारखा पगार असावा, बाहेरची प्राप्ती कोणी करू नये आणि आजीव सदस्याने आपली सारी शक्ती संस्थेला द्यावी. आगरकरादिकांचे म्हणणे, माणसाच्या संसाराच्या गरजा सारख्या नसतात आणि संस्थेचे काम सांभाळून उरलेल्या वेळावर त्याचा हक्क आहे. १८९० मध्ये गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद पत्करले, तेव्हा ठिणगी पडली आणि त्या वर्षाच्या अखेरीस टिळकांनी सविस्तर निवेदन लिहून राजीनामा दिला. सहा वर्षांत बंधुसंघ फुटला. दोन्ही पक्ष प्रामाणिक होते, दोघांनीही शपथ मोडली नाही असेच दोघांना वाटत होते. आणि खरे दुःख तेच आहे. ज्याच्या निमित्ताने हे घडले तो चोवीस वर्षांचा कनिष्ठ सभासद हे सारे पाहत होता.

माझा तर्क असा की गोखल्यांच्या पुढील योजनेचे बीज या फुटीत आहे. त्यांनी तसे कोठे लिहून ठेवल्याचे माझ्या वाचनात नाही. पण १९०५ ची घटना हाती घेऊन तिची कलमे १८९० च्या वादाशेजारी ठेवावीत, म्हणजे एकेक कलम एकेका जखमेवर बांधलेल्या पट्टीसारखे दिसते.

दुसरे बीज रानड्यांच्या घरातले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या हाताखाली गोखल्यांनी १८८७ पासून रानड्यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९०१ पर्यंत, बारा-चौदा वर्षे उमेदवारी केली. सार्वजनिक सभेचे त्रैमासिक चालवावयाचे, सरकारकडे जाणारे अर्ज लिहावयाचे, त्यासाठी सरकारी अहवालांतील आकड्यांचे डोंगर उपसावयाचे. रानडे मसुदा वाचीत, दुरुस्त करीत आणि परत देत. या शिक्षणाचे फळ १८९७ मध्ये दिसले. वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी गोखले विलायतेस गेले आणि हिंदुस्थानच्या खर्चाच्या प्रश्नावर त्या तिशीतल्या प्राध्यापकाची साक्ष पाहून जाणते लोक चकित झाले.

परंतु त्याच प्रवासात त्यांच्या हातून एक मोठी चूक झाली. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तात गोऱ्या सैनिकांनी केलेल्या अत्याचारांविषयी मित्रांकडून पत्रे आली होती. त्यांवर भरवसा ठेवून गोखल्यांनी विलायतेतील वृत्तपत्रात गंभीर आरोप केले. परत आल्यावर पुरावा मागितला गेला, तेव्हा तो देणे शक्य झाले नाही आणि त्यांनी बिनशर्त माफी मागितली. पुण्यात त्यांची छी-थू झाली. आकड्यांच्या बाबतीत रानड्यांच्या तालमीत तयार झालेला माणूस ऐकीव वार्तेच्या बाबतीत फसला. पुढे आपल्या संस्थेतील उमेदवारांच्या तोंडाला आणि लेखणीला त्यांनी जो लगाम घातला, त्याचे कारण मला येथे दिसते.

१९०२ च्या सप्टेंबरात फर्ग्युसन कॉलेजाने त्यांना निरोप दिला. त्या भाषणात त्यांनी समुद्रकाठी राहणाऱ्या एका माणसाची गोष्ट सांगितली होती. घर आहे, शेत आहे, मुलेबाळे आहेत, सगळे ठीक आहे. पण समुद्राची ओढ त्याला स्वस्थ बसू देत नाही आणि तो होडी लोटतो. सार्वजनिक जीवनाच्या समुद्रात आपण असे निघालो आहोत, हे त्यांना सांगावयाचे होते. त्यानंतर तीन वर्षांनी, १२ जून १९०५ रोजी, फर्ग्युसन कॉलेजाजवळच्या माळावर 'भारत सेवक समाजा'ची स्थापना झाली. गोखल्यांनी प्रथम स्वतः शपथ घेतली आणि मग नटेश अप्पाजी द्रविड, गोपाळ कृष्ण देवधर आणि अनंत विनायक पटवर्धन या तिघांना दिली. चार माणसांची संस्था! त्याच वर्षाच्या डिसेंबरात ते बनारसच्या काँग्रेसचे अध्यक्ष झाले. पण त्या वर्षातले त्यांचे मोठे काम कोणते, असे मला विचारले तर मी त्या माळाकडे बोट दाखवीन.

शपथा सात होत्या. देशाचा विचार सर्वांत आधी करीन आणि माझ्यातील उत्तम ते त्यास देईन. देशसेवेत स्वतःचा लाभ पाहणार नाही. सर्व भारतीयांना जातिधर्मभेद न मानता बंधू समजेन. संस्था माझ्यासाठी व माझ्या कुटुंबासाठी जी तरतूद करील तीत समाधान मानीन आणि स्वतःसाठी द्रव्य मिळविण्यात शक्ती खर्च करणार नाही. खासगी आयुष्य शुद्ध ठेवीन. कोणाशीही वैयक्तिक भांडण करणार नाही. संस्थेचे हेतू सदैव ध्यानी धरून तिच्या हितासाठी झटेन. हा आशय मी माझ्या शब्दांत दिला आहे. चौथी आणि सहावी शपथ पुन्हा वाचावी. फर्ग्युसनमध्ये बाहेरच्या प्राप्तीवरून वाद झाला होता, तो येथे दारातच मिटविलेला आहे. आणि वैयक्तिक भांडण न करण्याची शपथ जगातल्या किती संस्थांनी आपल्या घटनेत घातली असेल?

परंतु शपथेपेक्षा महत्त्वाचे होते ते पुढचे. नवा सभासद पहिली पाच वर्षे शिक्षणाधीन. 'प्रथम सदस्य' म्हणजे गोखले. त्यांच्या देखरेखीखाली आणि आज्ञेत त्याने राहावयाचे. या पाचांतील तीन वर्षे पुण्याच्या निवासात अभ्यास आणि दोन वर्षे देशभर प्रवास. अभ्यास म्हणजे इतिहास, अर्थशास्त्र, राज्यकारभार, कायदेमंडळांची कामकाजे, सरकारी अहवाल. गोखल्यांचे ग्रंथालय पुढे याच निवासाचे वैभव झाले. प्रवास म्हणजे आपला प्रांत सोडून दुसऱ्याचा प्रांत पाहणे. पुण्याच्या माणसाने मद्रासेस जावे, मद्रासच्या माणसाने संयुक्त प्रांतात जावे, दुष्काळाचे आणि यात्रेचे काम करावे, लोकांचे बोलणे ऐकावे. आणि या काळात आपल्या जबाबदारीवर जाहीर मत देऊ नये. व्याख्यान द्यावयाचे, वर्तमानपत्रात लिहावयाचे, तर आधी विचारावे. हे शेवटचे बंधन तरुणांना किती जड गेले असेल! बंगभंगाचे दिवस, चौकाचौकात सभा, आणि या शिकलेल्या, वक्तृत्व अंगी असलेल्या मुलांनी पुस्तके वाचीत बसावयाचे.

मुलांनी म्हटले, पण सर्व मुले नव्हती. व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री १९०७ मध्ये आले तेव्हा सदतीस वर्षांचे होते. गोखल्यांहून अवघे तीन वर्षांनी लहान. मद्रासच्या ट्रिप्लिकेन येथील हिंदू हायस्कूलचे ते नामांकित मुख्याध्यापक, तेथील नागरी सहकारी पेढी काढणाऱ्यांपैकी एक आणि इंग्रजी भाषेवर असे प्रभुत्व की पुढे इंग्रजांनीही माना डोलवाव्यात. असा माणूस स्थिर नोकरी सोडून पुण्यास येऊन विद्यार्थी झाला. अमृतलाल ठक्कर, म्हणजे पुढील ठक्करबाप्पा, मुंबई महापालिकेतील इंजिनियरची जागा सोडून १९१४ मध्ये आले, तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचे होते. ज्येष्ठ वयाचा, नाव मिळविलेला माणूस नव्या संस्थेत येतो तेव्हा त्याला एकदम अध्यक्षाच्या शेजारी बसविण्याचा मोह सर्वत्र होतो. गोखल्यांनी त्यालाही बाकावर बसविले.

येथे थोडे विषयांतर करतो. आपल्यातील अनेकांची मुले-नातवंडे अमेरिकेतील महाविद्यालयांत शिकतात, त्यांच्याकडून तेथील ग्रीक अक्षरांच्या नावांचे विद्यार्थी-बंधुसंघ ऐकून ठाऊक असतील. त्यांची परंपरा १७७६ मध्ये व्हर्जिनियातील विल्यम अँड मेरी कॉलेजात निघालेल्या फाय बीटा कॅपापासून सांगतात. पुढे अशा संघांतून नवागताला काही आठवडे उमेदवार म्हणून ठेवण्याची चाल पडली, आणि ती उमेदवारी म्हणजे बऱ्याच ठिकाणी निव्वळ छळ झाला. आपल्याकडे रॅगिंग म्हणतात तोच हा प्रकार. कर्नाटकाच्या १९८३ च्या शिक्षण कायद्यात आणि महाराष्ट्राच्या १९९९ च्या स्वतंत्र कायद्यात त्यास बंदी घालावी लागली. अमेरिकेतील सिग्मा फाय एप्सिलॉन या संघाने १९९१ मध्ये उमेदवारीची ती पद्धत काढून टाकून, प्रवेशाच्या पहिल्या दिवसापासून पूर्ण सभासदत्व आणि त्याबरोबर महाविद्यालयाची सर्व वर्षे चालणारा आत्मविकासाचा अभ्यासक्रम, अशी योजना सुरू केली. तिकडे ती मोठी सुधारणा मानली गेली, आणि ती आहेही. छळ सोसून आलेला माणूस पुढच्याला छळतो, एवढेच तो शिकलेला असतो. पण हे वाचताना माझ्या मनात आले ते असे, की १९०५ मध्ये पुण्याच्या माळावर नवागताला पाच वर्षे शिकविण्याची योजना कागदावर उतरली होती, आणि ती चालविणारा स्वतः आधी शपथ घेऊन मग इतरांना देणारा होता.

या योजनेची खरी परीक्षा १९१५ मध्ये झाली. जानेवारीच्या ९ तारखेस गांधीजी दक्षिण आफ्रिकेतून परत आले. गोखल्यांची इच्छा की त्यांनी भारत सेवक समाजात यावे, गांधीजींचीही होती. ते पुण्यास आले, निवासात उतरले. परंतु सभासदांना वाटले की यांची ध्येये आणि कामाच्या पद्धती आपल्याहून फारच वेगळ्या आहेत. दहा वर्षे काटेकोर शिकवून तयार केलेली माणसे होती ती; त्यांना भेद दिसला, आणि तो खरा होता. गोखल्यांनी गांधीजींना सांगितले, की हे लोक तुम्हांला घेवोत वा न घेवोत, मी तुम्हांस सभासदच मानीन. निघण्यापूर्वी खजूर, शेंगदाणे, फळे असा साधा फराळ ठेवला होता. प्रकृती ठीक नसताही गोखले खोलीतून चालत तेथे आले आणि त्यांना घेरी आली. १९ फेब्रुवारीला ते गेले. वय अठ्ठेचाळीस.

गांधीजी पुण्यास परतले. प्रवेशाचा अर्ज पुढे होता, सभासदांत मतभेद होता. मतास टाकून निकाल घ्यावा असेही बोलले जात होते. बहुमताच्या जोरावर आत जाण्याने गोखल्यांच्या नावाला बाध येईल, असे वाटून गांधीजींनी शास्त्र्यांना पत्र लिहून अर्ज मागे घेतला. आत्मचरित्रात ते म्हणतात त्याचा भावार्थ असा, की अर्ज मागे घेतल्यानेच मी त्या संस्थेचा खरा सभासद झालो. सभासदांना दोष द्यावा काय? पुष्कळांनी दिला आहे. मला तो देववत नाही. ज्यांना पाच वर्षे सांगितले की संस्थेचे हेतू सदैव ध्यानी धरा, त्यांनी ते धरले. पण एवढेही खरे, की शिस्तीत घडलेल्या घरात वादळाला खोली देता येत नाही. आणि तेथे गोखल्यांना जे दिसत होते, ते त्यांच्या शिष्यांना दिसले नाही.

गोखल्यांच्या योजनेतील एक कलम मात्र गांधीजींनी अक्षरशः पाळले. एक वर्षभर देश फिरावा, डोळे-कान उघडे ठेवावेत आणि राजकीय प्रश्नांवर जाहीर बोलू नये, असे वचन गोखल्यांनी त्यांच्याकडून घेतले होते. म्हणजे दारावरून परतलेला हा उमेदवार दाराबाहेर राहून उमेदवारीच करीत होता. त्याच एप्रिलात हरिद्वारच्या कुंभमेळ्यात पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या सेवकदलाबरोबर काम करताना गांधीजींच्या मंडळींनी शौचकूपांवर माती टाकण्याचे काम मागून घेतले.

आणि याच मौनाच्या वर्षात, ८ मे १९१५ रोजी, ते आपल्या बंगळूरला प्रथम आले. निमित्त होते गोखल्यांच्या तसबिरीच्या अनावरणाचे. बोलावणाऱ्यांत पुढाकार तरुण गुंडप्पांचा होता. मद्रासहून गाडी आली, लोकांनी उत्साहाने त्यांची बग्गी ओढण्याचा बेत केला होता. गांधीजींना तो रुचला नाही. सार्वजनिक कार्यकर्त्यांना असे ओढून बिघडवू नका, त्यांना गाजावाजा न होता काम करू द्या, अशा आशयाचे ते बोलले. अनावरणाच्या भाषणात त्यांनी राजकीय जीवनाला आध्यात्मिक अधिष्ठान देण्याच्या गोखल्यांच्या शिकवणीचा उल्लेख केला. गोखल्यांच्या १९०५ च्या घटनेच्या प्रास्ताविकातही हाच विचार आहे. पुढे सतरा दिवसांनी, २५ मे रोजी, अहमदाबादेजवळ कोचरब येथे सत्याग्रहाश्रम निघाला. तेथेही व्रते होती, तेथेही नवागताची घडण होती. मात्र ग्रंथालयाच्या जागी चरखा आणि झाडू आले.

भारत सेवक समाजाच्या शाळेतून निघालेली माणसे मोजकीच, पण एकेकाचे काम पाहावे. देवधरांनी १९०९ मध्ये रमाबाई रानड्यांच्या बरोबरीने पुण्याचे सेवासदन उभारले आणि १९२१ च्या बंडाळीनंतर मलबारातील निराधारांसाठी ते झटले. ना. म. जोशींनी १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली आणि १९२० मध्ये अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या स्थापनेत त्यांचा मोठा वाटा होता. ठक्करबाप्पांनी १९२२ मध्ये दाहोदला भिल्ल सेवा मंडळ स्थापिले. शास्त्री १९२७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत हिंदुस्थानचे पहिले एजंट झाले. कुंझरूंनी १९३६ पासून १९७८ मधील मृत्यूपर्यंत समाजाचे अध्यक्षपद सांभाळले. परंतु संस्था लोकांच्या मनातून हळूहळू दूर गेली, हेही नाकारता येत नाही. ब्रिटिशांशी आलेला संबंध ईश्वरी योजनेने देशाच्या भल्यासाठीच आहे, असे तिच्या घटनेत लिहिलेले होते; १९२० नंतरच्या तरुणाला ते वाक्य गिळणे अशक्य होते. शिवाय तुरुंगाची हाक आज आली असता पाच वर्षे वाचनालयात कोण थांबणार?

तरीही बीज पसरले. फर्ग्युसनचेच आजीव सदस्य धोंडो केशव कर्वे यांनी १९०८ मध्ये निष्काम कर्म मठ काढून स्त्रीशिक्षणासाठी वाहून घेतलेल्यांचा संघ बांधला. लाला लजपतराय यांनी १९२१ मध्ये लाहोरात लोकसेवक मंडळ स्थापिले. लालबहादुर शास्त्री त्याचेच आजीव सदस्य. आणि आपणा कर्नाटकवासी मराठी मंडळींनी विशेष लक्षात ठेवण्याजोगे म्हणजे बेळगावचे उदाहरण. १३ नोव्हेंबर १९१६ रोजी तेथे बसवनाळ, साखरे प्रभृती तरुण शिक्षकांनी कर्नाटक लिंगायत एज्युकेशन सोसायटी, म्हणजे के. एल. ई., उभी केली ती पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा कित्ता डोळ्यांपुढे ठेवून. सात जणांमुळे त्यांना सप्तर्षी म्हणतात. बेळगावात भाषेवरून पुढे काय काय झाले ते येथे सांगण्याचे कारण नाही. पण आजीव सदस्यत्वाची कल्पना पुण्याहून कन्नड मुलखात गेली तेव्हा तिला कोणी सीमा विचारली नाही.

आता पुन्हा बुल टेम्पल रस्त्यावर येऊ. गुंडप्पांनी गोखल्यांवर कन्नडमध्ये ग्रंथ लिहिला आणि आयुष्यभर त्यांना मनाने गुरू मानले. १९४५ मध्ये संस्था काढताना त्यांनी गोखल्यांच्या योजनेतील काय घेतले आणि काय सोडले, हे पाहण्यासारखे आहे. शपथा सोडल्या. निर्वाहवेतनावर राहणारे पूर्णवेळ सेवक ही कल्पना सोडली; घरदार आणि नोकरी असलेल्या नागरिकाला त्यांनी आपला उमेदवार मानले. ठेवला तो अभ्यास. ग्रंथालय, व्याख्याने, सार्वजनिक प्रश्नांवरील इंग्रजी मासिक आणि दर आठवड्याचे अभ्यासमंडळ. मत देण्यापूर्वी कायदा वाचावा, अंदाजपत्रक वाचावे, मग बोलावे. म्हणजे मौनाचे जुने कलम, जरा सौम्य रूपात. सार्वजनिक प्रश्नांबरोबर तेथे गीतेचेही वाचन चाले. त्या व्याख्यानांतून सिद्ध झालेल्या गुंडप्पांच्या गीतेवरील ग्रंथाला १९६७ चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला.

त्या अभ्यासमंडळात नवा येणारा कोण असे? बँकेतला कारकून, शाळेतला मास्तर, कॉलेजातला विद्यार्थी. त्याच्याकडून कोणी सेवेचे वचन घेत नसे. एक पुस्तक हाती देत आणि पुढच्या बैठकीला त्यावर बोलावयास सांगत.

१९७० मध्ये रवींद्र कलाक्षेत्रात गुंडप्पांचा जाहीर सत्कार झाला आणि त्यांना एक लाख रुपयांची थैली अर्पण करण्यात आली. घरची स्थिती बेताची होती, हे बंगळूरला ठाऊक होते. त्यांनी ती रक्कम तशीच गोखले संस्थेला दिली. पाच वर्षांनी, ऑक्टोबर १९७५ मध्ये, ते निवर्तले. ग्रंथालय आजही उघडे असते आणि व्याख्यानांना मराठी माणसालाही मज्जाव नाही. कन्नड समजले म्हणजे झाले.